खंड आणि कृषिविस्तार : मुंबई इलाख्यातील दोन दप्तरांचा इतिहास

हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी १९२६ साली लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली जो शाही आयोग नेमण्यात आला, त्याच्या कार्यकक्षेत एक अपवाद घालून दिलेला होता. जमिनीची मालकी व कुळवहिवाट यांच्या प्रचलित पद्धती, तसेच शेतसारा व पाणीपट्टी यांची आकारणी, यांविषयी शिफारशी करणे हे आयोगाचे काम नव्हे, असे त्यात स्पष्टपणे नमूद होते. आयोगाने हा निर्बंध पाळला. १९२८ मध्ये सादर झालेल्या त्याच्या विस्तृत अहवालात बियाणे, खते, गुरांची पैदास, सहकारी पतपेढ्या, प्रात्यक्षिके, शेतकी शिक्षण इत्यादी विषयांचा परामर्श इतक्या साक्षेपाने घेतलेला आहे की, आजही अभ्यासकास त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही. शेतकऱ्यास काय शिकवावे व कसे शिकवावे, याचा विचार त्यात पानोपानी आहे. परंतु त्या शिकवणुकीमुळे जे अधिक पीक निघेल ते कोणाच्या कणगीत जाऊन पडेल, हा प्रश्न विचारण्याची आयोगास मुभा नव्हती.

हा निर्बंध केवळ एका आयोगापुरता होता आणि राजकीय सावधगिरीतून आला होता, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखकास ते पुरेसे वाटत नाही. निदान मुंबई इलाख्यापुरते पाहिले तर शेतीविषयक सल्ला एका दप्तरात आणि खंडाची माहिती दुसऱ्या दप्तरात, अशी विभागणी आयोगापूर्वीच रूढ झालेली होती. आयोगाच्या कार्यकक्षेने तिच्यावर फक्त शिक्कामोर्तब केले. स्वातंत्र्यानंतर दोन्ही दप्तरांचा पसारा वाढला, दोहोंच्या हाती नवे कायदे व नव्या योजना आल्या, तरी मधली भिंत तशीच राहिली. त्या भिंतीचा इतिहास व तिचे कुळावर झालेले परिणाम हा या लेखाचा विषय आहे. ‘खंड’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने, म्हणजे रोख मक्ता, ठराविक धान्य आणि पिकाचा वाटा या तिन्ही प्रकारांस धरून, वापरला आहे. कोठे कोणता प्रकार अभिप्रेत आहे ते संदर्भावरून स्पष्ट होईल.

प्रारंभी ही दोन ज्ञाने एकत्र होती, हे विसरता कामा नये. पेशवाईनंतर पुणे जिल्ह्यात पहिली पद्धतशीर जमाबंदी करणारा प्रिंगल हा रिकार्डोच्या खंडसिद्धांताचा अनुयायी होता. निरनिराळ्या प्रतीच्या जमिनीत किती पीक येते, ते काढण्यास किती खर्च लागतो आणि खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती उरते, याचा हिशेब करून त्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के रक्कम सरकारने घ्यावी, अशी त्याची योजना होती. योजना तर्कदृष्ट्या निर्दोष होती, आणि व्यवहारात ती सपशेल फसली. आकडे चुकीचे, ते गोळा करणारे कारकून भ्रष्ट, आणि धान्याचे भाव उतरलेले. परिणामी रयतेने जमिनी टाकल्या. १८३५ नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरापासून जी नवी पाहणी सुरू केली, तिने निव्वळ उत्पन्न मोजण्याचा खटाटोप सोडून दिला. मातीचा प्रकार व खोली यांवरून जमिनीची आणेवारी लावायची, मागील वसुलीचा अनुभव पाहून तालुक्याचा दर ठरवायचा आणि तो तीस वर्षे कायम ठेवायचा, अशी ही रीत होती. तीच पुढे सर्व इलाख्यात पसरली. ‘आकार’ हा शब्द त्या पाहणीमुळे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुजला. हा आकार शंभर वर्षांनी एका अगदी वेगळ्या कामासाठी पुन्हा पुढे येतो, म्हणून त्याची जन्मकथा येथे थोडी विस्ताराने दिली.

प्रिंगलच्या अपयशातून महसूल खात्याने एक धडा घेतला. जमिनीतून प्रत्यक्ष किती उत्पन्न निघते याच्या खोलात न शिरताही सारा ठरविता येतो, हा तो धडा होय. महसूल खात्यास तो सोयीचा होता. परंतु त्यामुळे ज्या खात्याचा शेताशी रोजचा संबंध होता, त्याला शेतीच्या अर्थशास्त्रात स्वारस्य उरले नाही. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशीनंतर प्रांतोप्रांती शेतकी खाती निघाली. मुंबईत हे खाते भूमिअभिलेखांच्या खात्याशी जोडलेले होते. एकाच संचालकाकडे जमिनीच्या नोंदी व शेतीची सुधारणा ही दोन्ही कामे असणे, ही आज नवलाची वाटणारी गोष्ट त्या काळी स्वाभाविक समजली जाई. याच सुमारास, १८८३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यात एकीकडे साऱ्याच्या बोजाची व कारकुनी जुलमाची झाडाझडती आहे, तर दुसरीकडे बंधारे, जनावरांची पैदास, शेतकी शिक्षण व उत्तम शेतीस बक्षिसे यांच्या सूचना आहेत. शेतीची सुधारणा आणि शेतातील उत्पन्नाची वाटणी हे दोन विषय फुल्यांनी कोठेही वेगळे पाडलेले नाहीत. पाडणे त्यांना सुचलेही नसते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कर्झनच्या धोरणानुसार शेतकी खात्यांची पुनर्रचना झाली. पुण्याचे शेतकी महाविद्यालय उभे राहिले, सरकारी शेते वाढली, आणि शेतकी खाते भूमिअभिलेखांपासून विभक्त होऊन शास्त्रज्ञांचे खाते बनले. या परिवर्तनाचा लाभ मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि जमिनीच्या नोंदीत कूळ कोण व त्याचा खंड किती हे ज्या कागदावर लिहिले जाई, तो कागद त्या दिवसापासून शेतकी अधिकाऱ्याच्या टेबलावर येईनासा झाला. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली, आणि तिच्यातून कालांतराने गाव नमुना सात व बारा यांचे आजचे रूप सिद्ध झाले. त्यात कुळाचे नाव व खंड यांसाठी जागा होती, जमीन कोण कोणत्या ‘रीती’ने कसतो याचा स्तंभ होता. तो तलाठी भरी आणि मामलतदार तपाशी. शेतकी खात्याच्या प्रचारकास त्याच्याशी कर्तव्य नव्हते.

या काळातील एक व्यक्ती मात्र अपवाद म्हणून उठून दिसते. डॉ. हॅरल्ड मान हे रसायनशास्त्रज्ञ १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले व पुढे प्रांताचे शेतकी संचालक झाले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची त्यांनी केलेली पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानंतर कानिटकरांच्या सहकार्याने केलेली जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ मध्ये आली. पिंपळे सौदागरात १७७१ मध्ये सरासरी धारण क्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हा मान यांचा निष्कर्ष पुढे असंख्य ग्रंथांत उद्धृत झाला. (ज्या शिवाराचे तुकडे मान यांनी मोजले, तेथे आता पिंपरी-चिंचवडच्या गगनचुंबी इमारती आहेत.) शेतीचा सल्ला देणाऱ्या माणसाने आधी शेतकऱ्याचे देणेघेणे, त्याचे तुकडे, त्याचे कर्ज आणि त्याचा खर्च मोजला पाहिजे, हा मान यांच्या पद्धतीचा गाभा होता. त्यांच्या आधी शेतकी संचालक असलेल्या कीटिंग यांनीही १९१२ मध्ये दख्खनच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. परंतु हे दोघेही अधिकारी वैयक्तिक जिज्ञासेने या विषयाकडे वळले होते. खात्याच्या दैनंदिन कामात त्यांची दृष्टी उतरली नाही. प्रचारकाच्या रोजनिशीत बियाण्याचे पायली-शेर आणि नांगरांची संख्या नोंदली जाई. ज्याला बी दिले तो मालक की कूळ, हे त्यात सहसा सापडत नाही. या साधनांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी : शेतकी खात्याच्या अहवालांतील ‘शेतकरी’ हा शब्द ज्याच्या नावावर खाते आहे त्याला, जो घाम गाळतो त्याला, आणि जो पुण्यात राहून सुगीला गावी येतो त्यालाही सारखाच लावलेला असतो.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई इलाख्यात तालुका विकास संघ निघाले. सभासदांनी वर्गणी जमवावी, सरकारने तिच्या तोडीचे अनुदान द्यावे आणि संघाने आपला प्रचारक नेमून सुधारलेले बी, अवजारे व खते तालुक्यात पोहोचवावी, अशी ही योजना होती. लिनलिथगो आयोगाने तिची आस्थेने दखल घेतली. स्थानिक विस्तारसेवेचा हा आपल्याकडील पहिला सुसंघटित प्रयत्न म्हणावयास हरकत नाही. मात्र वर्गणी देऊ शकणारा सभासद हा स्वभावतःच जमीनधारक असे. अर्धेलीने शेत करणारे कूळ संघाच्या बैठकीस येऊन काय मागणार, आणि मालकाच्या शेजारी बसून कसे मागणार?

अर्धेलीचा प्रश्न सर्वांत उग्र होता तो कोकणात. खोती गावांत भाताचा निम्मा किंवा एक तृतीयांश हिस्सा खोतास घालावा लागे. अर्धेल व तिर्धेल ही नावे त्यावरूनच पडलेली. शिवाय वेठ आणि इतर बाबती निराळ्या. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला, आणि तो सुमारे सहा वर्षे निभावला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. १९३९ चा कूळकायदा या पार्श्वभूमीवर झाला, आणि खोती प्रत्यक्षात रद्द होण्यास १९४९ साल उजाडावे लागले. या लढ्याचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यात पाहण्यासारखे आहे ते असे की, कुळांनी जमिनी पड टाकल्या म्हणजे भाताचे जे नुकसान झाले, तो एका अर्थी खंडदराविषयीचा सर्वांत मोठा प्रयोग होता. अमुक एका दरापुढे शेती करण्यापेक्षा न करणे बरे, आणि जंगलात व समुद्रकाठी मजुरी करून पोट भरणे बरे, हे कुळांनी स्वतः उपाशी राहून सिद्ध केले.

वाट्याच्या पद्धतीत सुधारणेस खीळ का बसते, याचे विवेचन अॅडम स्मिथपासून मार्शलपर्यंत अनेकांनी केले आहे. ते येथे पुन्हा करण्याऐवजी एक काल्पनिक परंतु साधे उदाहरण घेऊ. समजा, एका एकरात सुधारलेल्या पद्धतीने भात लावण्यास ३० रुपये जादा खर्च येतो आणि त्यातून ५० रुपयांचे जादा भात निघते. प्रात्यक्षिकाच्या फलकावर ही नफ्याची शेती आहे. स्वतःची जमीन असणाऱ्यास किंवा ठरीव रोख खंड देणाऱ्यास एकरी २० रुपये उरतात. परंतु तिर्धेलीच्या कुळास जादा पिकातून ३३ रुपये व काही आणे मिळतात, म्हणजे खर्च जाऊन जेमतेम सव्वातीन रुपये हाती लागतात. एक पाऊस चुकला तर तेही नाहीत. अर्धेलीच्या कुळास २५ रुपये मिळतात व ३० रुपये खर्च झालेले असतात. त्याचे ५ रुपये बुडतात. खोतास मात्र बोट न उचलता २५ रुपये मिळतात. अशा कुळाने प्रचारकाचे म्हणणे ऐकून घेऊन, मान डोलावून, पुन्हा जुन्याच पद्धतीने भात लावले, तर त्यास अज्ञानी किंवा परंपरानिष्ठ म्हणणे हा हिशेब न येणाऱ्याचा दोष आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, वाट्याबरोबर खर्चही निम्मा वाटून घेण्याची चाल असेल तर हा तोटा राहत नाही. आक्षेप रास्त आहे. दख्खनच्या कित्येक भागांत, विशेषतः बागायती पिकांत, बी व खत यांचा खर्च मालक व बटाईदार वाटून घेत आले आहेत, आणि तेथे सुधारणाही अधिक वेगाने पसरलेली दिसते. परंतु ज्या सुधारणेत मुख्य खर्च श्रमाचा असतो तेथे हा उपाय लागू पडत नाही, कारण घरच्या माणसांचे श्रम कोणताच मालक निम्मे वाटून घेत नाही. १९५२ च्या सुमारास मुंबई राज्यात भातशेतीच्या जपानी पद्धतीचा मोठा गाजावाजा झाला. बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले व तेथून तिचा प्रसार करण्यात आला. गादीवाफ्यावर रोपे, ओळीत लावणी, वारंवार कोळपणी व भरपूर खत, हे या पद्धतीचे विशेष. म्हणजे बियाणे कमी, श्रम फार. वरील गणित ज्याने मनात धरले असेल त्यास, ही पद्धत स्वतःच्या जमिनीवर कशी रुजावी आणि अर्धेलीवर का रुजू नये, हे सांगावयास नको.

ज्या साली जपानी पद्धतीचा प्रचार जोरात होता, त्याच साली, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, समाजविकास योजनेचा प्रारंभ झाला, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. सुमारे शंभर गावांचा एक गट, त्यावर गटविकास अधिकारी, त्याच्या हाताखाली शेती, सहकार, पशुसंवर्धन यांचे विस्तार अधिकारी, आणि साधारण दहा गावांस एक ग्रामसेवक, अशी तिची रचना होती. या रचनेत इटाव्याच्या १९४८ मधील प्रयोगाचा अनुभव होता, तसाच अमेरिकन विस्तारसेवेचा आदर्शही होता. फोर्ड प्रतिष्ठानाचे भारतातील प्रतिनिधी डग्लस एन्स्मिंगर हे त्याच परंपरेत घडलेले होते. ज्या आदर्शाचे अनुकरण झाले, त्यात खंडाचे स्थान काय होते, हे पाहण्यासाठी थोडा वेळ अमेरिकेकडे वळणे भाग आहे.

तेथे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषिविद्यापीठे व काउंटी यांच्या भागीदारीतून विस्तारसेवा उभी राहिली. शेतात जाऊन बी-खताचा सल्ला देणारा काउंटी एजंट खंडाच्या कराराविषयीही सल्ला देई. नमुनाकरार, वाट्याचे प्रकार, मालक व कूळ यांनी कोणता खर्च कोणत्या प्रमाणात उचलावा याची पत्रके विस्तारविभाग छापीत. आयोवासारख्या राज्यात, जेथे निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते, विद्यापीठाचा विस्तारविभाग काउंटीवार खंडदरांची पाहणी करून ती प्रसिद्ध करतो. तेथील कायद्याप्रमाणे करार मोडण्याची सूचना १ सप्टेंबरपूर्वी द्यावी लागते, आणि त्याआधीच हे आकडे दोन्ही पक्षांच्या हाती आलेले असतात. सरकार दर ठरवीत नाही, परंतु दर काय चालला आहे हे कोणापासून लपलेलेही राहत नाही. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची काळी बाजूही पाहिली पाहिजे. दक्षिणेकडील कापसाच्या राज्यांत हीच विस्तारसेवा मळेवाल्यांच्या बाजूने उभी राहिली. १९३३ मध्ये कापसाचे क्षेत्र कमी करण्यासाठी सरकारने दिलेला पैसा बव्हंशी मालकांच्या खिशात गेला, वाट्याने शेती करणाऱ्या हजारो कुटुंबांना जमिनीवरून निघावे लागले, आणि जुलै १९३४ मध्ये आर्कान्साच्या टायरोंझा गावी गोऱ्या व काळ्या कुळांनी मिळून आपला संघ काढला. खंडाची माहिती विस्तारसेवेकडे असली म्हणजे ती कुळाच्या उपयोगी पडतेच, असे नाही. ती नसली म्हणजे मात्र निश्चितपणे पडत नाही.

आपण त्या आदर्शातून ग्रामसेवक घेतला आणि खंडाचे पत्रक मागे ठेवले. याचे कारण उघड आहे. खंडाचा प्रश्न आपल्याकडे त्याच वेळी कायद्याच्या क्षेत्रात गेलेला होता, आणि कायदा राबविणे हे महसूल खात्याचे काम होते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याने कोरडवाहू जमिनीस पिकाच्या एक तृतीयांश व बागायतीस एक चतुर्थांश ही खंडाची कमाल मर्यादा घालून दिली. पहिल्या पंचवार्षिक योजनेने तर एक चतुर्थांश किंवा एक पंचमांश याहून अधिक खंडास विशेष समर्थन लागेल, असे म्हटले. हे सर्व कागदावर झाले. गावात काय झाले याचा शोध गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर व गो. ज. खुदनपूर यांनी घेतला. त्यांचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४८ ते १९५३ या काळातील प्रत्यक्ष नोंदी गावोगाव तपासून त्यांनी दाखविले की, खंड खाली आल्याचा पुरावा जवळजवळ आढळत नाही, आणि कुळांनी ‘स्वखुशीने’ जमिनी सोडल्याच्या नोंदी मात्र मुबलक आढळतात. ज्या गावात ग्रामसेवक सुधारलेले बी घेऊन येत होता, त्याच गावात तलाठ्याच्या दप्तरात कुळाचे नाव कमी होत होते. बी ज्याच्यासाठी आणले तो माणूसच पुढच्या हंगामात त्या शेतावर असेल की नाही, हे ग्रामसेवकास माहीत नव्हते. त्याच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती.

१९५६ च्या दुरुस्तीने एक विलक्षण वळण घेतले. वाट्याची मर्यादा अमलात येत नाही हे दिसल्यावर खंड पिकाशी न जोडता साऱ्याच्या आकाराशी जोडण्यात आला. आकाराच्या दुपटीहून कमी नाही आणि पाचपटीहून, किंवा एकरी २० रुपयांहून, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक नाही, असा नियम झाला. विंगेटच्या पाहणीतून जन्मलेला आकार येथे पुन्हा उपयोगात आला. ज्या आकड्याने उत्पन्नाशी असलेला संबंध प्रिंगलच्या पराभवानंतर जाणूनबुजून तोडला होता, तोच आकडा आता उत्पन्नाच्या वाटणीचे माप बनला. प्रशासनाच्या दृष्टीने ही मोठी सोय होती, कारण आकार निर्विवाद होता व प्रत्येक सातबारावर लिहिलेला होता. शिवाय ठरीव खंडामुळे, वर दाखविल्याप्रमाणे, सुधारणेचे सर्व फळ कुळाच्या पदरी पडावयास हवे होते. तत्त्वतः हा नियम कृषिविस्तारास अत्यंत पोषक होता, इतका की विस्तारखात्याने त्याचा दवंडी पिटून प्रचार करावयास हवा होता. परंतु चालू बाजारातील खंडाच्या मानाने ही मर्यादा अनेक ठिकाणी इतकी खालची होती की, मालकास त्या दराने जमीन देण्यापेक्षा कूळ नाहीसे करणेच परवडू लागले. लगेच १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन आला. त्या दिवशी ज्या कुळांचे नाव दप्तरी होते ती, आकाराच्या २० ते २०० पटींत ठरणाऱ्या किमतीस, जमिनीची खरेदीदार मानली गेली. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भासाठी १९५८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५० चा कायदा चालू राहिला. ज्यांना जमीन मिळाली त्यांच्या आयुष्यातील ही क्रांतीच होती; कोकणात व देशावर अशी सहस्रावधी घराणी आहेत, आणि या कायद्याची टवाळी करणाऱ्यांनी त्यांच्या ओसरीवर जाऊन ती करावी. प्रश्न आहे तो ज्यांचे नाव दप्तरी नव्हते त्यांचा, आणि जे पुढे कूळ झाले त्यांचा.

तिकडे वळण्यापूर्वी एका उलट्या उदाहरणाचा विचार अवश्य केला पाहिजे, कारण वरील विवेचनावरून कूळ नेहमी दुबळेच असते असा ग्रह होईल. नीरा कालव्यांवर सासवडच्या माळी बागायतदारांनी खंडाने जमिनी घेऊन उसाची शेती वाढविली. ते कूळ होते, पण रोख खंड देणारे, भांडवल बाळगणारे आणि उसाचे शास्त्र हाताच्या बोटांवर असलेले कूळ होते. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ मध्ये निघाले, त्याच्या आधीपासून हे बागायतदार एकमेकांपासून शिकत आले होते. पुढे खाजगी साखर कारखान्यांनी नगर, पुणे, सोलापूर भागांतील लहान शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. येथे मालक दरिद्री, तर कूळ म्हणजे कंपनी. शेतीचे ज्ञान, पाणी व भांडवल सर्व कुळाकडे. मालकाच्या वाट्यास ठराविक खंड. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने या जमिनी कारखान्यांकडून काढून घेतल्या, परंतु त्या मूळ मालकांकडे न जाता १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. ‘खंडकरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी परत मिळविण्यासाठी जवळजवळ अर्धे शतक झगडा केला, आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोठे प्रत्यक्ष वाटप सुरू झाले. खंडकऱ्यांच्या प्रकरणातून एवढे निश्चित होते की, दुबळेपणा मालकीच्या किंवा कुळाच्या नावात नसतो. जमिनीचे खरे उत्पन्न कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही, यावर तो पुष्कळ अंशी अवलंबून असतो.

१९५७ नंतर महाराष्ट्रात शेतजमीन खंडाने देणे हे मालकाच्या दृष्टीने जोखमीचे झाले, कारण कुळाची नोंद म्हणजे जमीन हातची जाण्याची भीती. परिणामी खंड थांबला नाही, त्याची नोंद थांबली. सातबारावरील कुळाचा रकाना कोरा राहू लागला, पीकपाहणीत मालकाचे नाव लागू लागले, आणि शेत मात्र बटाईने, अर्ध्या वाट्याने किंवा उक्त्या खंडाने दुसराच कसू लागला. विस्तारसेवेची त्यानंतरची सर्व वाटचाल या कोऱ्या रकान्यावर उभी आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, १९६८ नंतर कृषिविद्यापीठे आली, संकरित ज्वारी व मेक्सिकन गव्हाचा प्रसार झाला, कृषिविज्ञान केंद्रे निघाली. प्रत्येक टप्प्यावर लाभार्थी ठरविण्याचा पुरावा सातबारा हाच राहिला. बी-खताचे अनुदान, पीककर्ज, दुष्काळाची भरपाई, २०१९ मध्ये सुरू झालेले केंद्राचे शेतकरी सन्मान साहाय्य, ही सर्व नावावरच्या माणसास मिळतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत खातेदार आपल्या भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करतो. पीक कोणी लावले, हा प्रश्न त्यातही उरतोच. निती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुनाकायदा सुचविला. मालकाचा हक्क अबाधित ठेवून कुळास कर्ज व विमा मिळावा, हा त्याचा हेतू होता. त्यातही खंडाचा दर उभयतांनी ठरवावयाचा आहे. दर ठरविताना शेजारच्या गावात काय चालले आहे हे कोणी सांगावयाचे, हा प्रश्न तेथे उपस्थितच झालेला नाही.

अशा स्थितीत खंडदरांच्या इतिहासाची साधने कोणती, असे विद्यार्थी वारंवार विचारतात. १९५७ पर्यंत हक्कनोंदी, जमाबंदीच्या फेरपाहणीचे अहवाल, दिवाणी दाव्यांचे कागद आणि गोखले संस्थेच्या पाहण्या, ज्यांत १९४० मधील वाई तालुक्याची पाहणी विशेष उपयुक्त आहे, ही सामग्री विपुल आहे. त्यानंतरच्या काळासाठी सरकारी दप्तर जवळजवळ मुके आहे, आणि तुरळक ग्रामपाहण्यांखेरीज हाती काही लागत नाही. खंडाचे करार आजही बहुधा पाडव्याच्या किंवा अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, दोन माणसांच्या साक्षीने, तोंडी ठरतात. ज्यास हे दर गोळा करावयाचे असतील त्याने त्या दिवसांत गावी जावे, आणि पारावर बसून पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी, आपण तलाठ्याकडून आलेलो नाही, हे आधी सांगावे.